खर्जाचं लाकूड

राळेगणसिद्धीच्या यादवबाबांच्या मंदिराची जुनी गोष्ट पारनेर तालुक्यात बहुतेकांना तोंडपाठ आहे. गाव अवर्षणाच्या पट्ट्यातलं, पाऊस वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर, तोही लहरी. शेती पिकेना म्हणून हातभट्ट्या निघाल्या. भट्टीला जळण लागतं. ते कमी पडलं तेव्हा लोकांनी देवळाचं लाकूडसुद्धा उचकटून नेलं आणि भट्टीखाली सारलं. १९७५ साली सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावी आले, ते या पडक्या देवळापासून कामाला लागले. पुढे नालाबंडिंग झालं, पाझर तलाव झाले, झाडं लागली, आणि त्याच्या जोडीनं गावानं स्वतःवर काही बंद्या घालून घेतल्या. नशाबंदी सर्वांना माहीत असते, कारण ती पेपरात येते. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी फारशा कुणाच्या ध्यानात राहत नाहीत. माझी धाकटी बहीण या गावात दिलेली, त्यामुळे येणंजाणं जुनं. आणि मला राळेगण म्हटलं की कुऱ्हाडबंदीच आधी आठवते. देवाचं लाकूड जाळून दारू गाळणारं गाव उभ्या झाडाला हात लावायचा नाही असं ठरवतं, याचं मला दारू सुटण्यापेक्षाही जास्त नवल वाटत आलं आहे. सगळं गोडीगुलाबीनं झालं असंही नाही. दारू सोडत नाही म्हणून माणसं खांबाला बांधली गेली, पट्ट्याचा मारही बसला, आणि ते कुणी लपवून ठेवलेलं नाही.

तर, भाच्यानं यंदा उन्हाळ्यात नवं वाद्य आणून वस्तीवरच्या पडवीत उघडलं, तेव्हा मी आधी लाकडाची चौकशी केली ती या खोडीमुळे.

“मामा, हळू हं. लिमिटेड एडिशन आहे,” तो म्हणाला.

भाचा पुण्यात नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी मित्रांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. वाद्य हप्त्यांवर घेतलेलं. पेटीला आतून मखमल, मखमलीवर एक जाड कागद, कागदावर कारखान्यातल्या कुणाची तरी शाईची सही. दांडीच्या टोकाला, खुंट्यांच्या मागच्या अंगाला, नखाएवढी धातूची पट्टी. तिच्यावर आकडा कोरलेला. शंभरांतला सदतिसावा. म्हणजे अशी शंभरच वाद्यं करायची, मग थांबायचं, असं कंपनीनं आधीच जाहीर केलेलं होतं.

दिसायला वाद्य देखणं, यात वाद नाही. अंग ॲश नावाच्या विलायती लाकडाचं, आणि त्याच्यावर मेपलचा काही मिलिमीटर जाडीचा पापुद्रा चिकटवलेला. त्या मेपलच्या रेषा सरळ नव्हत्या. विहिरीच्या पाण्यावर वारा फिरावा तशा त्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत थरथरत गेल्या होत्या, आणि वाद्य जरा तिरपं केलं की उजळ होत्या त्या रेषा काळवंडत, काळ्या होत्या त्या उजळत. वरून निळीचा रंग, कडेला काळ्यात विरत गेलेला. दांडी पाच पट्ट्या एकमेकींना जोडून केलेली, मेपल आणि अक्रोड आळीपाळीनं. खुंट्या सोनेरी. दांडीवर ज्या पट्टीवर बोटं फिरतात ती मात्र काळसर तपकिरी, साधी, तेल प्यायलेली. तिच्यावर काही रंगवलेलं नव्हतं.

मी विचारलं, “यातलं वाजतं काय?”

भाचा हसला. त्याला प्रश्न टोमणा वाटला असावा. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, कारण माझा जन्म पोकळ वाद्यांच्या संगतीत गेला. भोपळा, खोड, मडकं, कातडं. आत हवा कोंडली की आवाज. हे तर सगळं भरीव फळकूट. तारेला नुसतं छेडलं तर शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही.

भाच्यानं मग वाद्य उलटसुलट करून मला जे दाखवलं, ते मला त्या निळ्या रंगाहून कितीतरी सुंदर वाटलं. खालचा स्वर काढायचा तर निसर्ग तीनच वाटा ठेवतो: तार लांब करा, सैल करा, नाहीतर जड करा. फार सैल केली की ती लडबडते, स्वर धरत नाही. म्हणून पाश्चात्त्य वाद्यवृंदातला डबल बेस माणसाहून उंच झाला. तो पाठीवर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या वादकांचे हाल होत, आणि ढोल-तुताऱ्यांच्या गदारोळात तो ऐकू येत नसे ते वेगळंच. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरनं १९५१ साली तो गुंता सोडवला. हा माणूस रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यानं तारेची लांबी ३४ इंचांवर आणली आणि लांबीतली तूट वजनानं भरून काढली. पोलादी तारेवर दुसरी तार गुंडाळून जाडजूड केलेल्या चार तारा. आवाज मोठा करायचं काम पोकळीकडून काढून लोहचुंबकाकडे दिलं. चुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये बारीकसा वीजप्रवाह उमटतो. पुढचं सगळं ॲम्प्लिफायर बघतो. यापूर्वीही अमेरिकेत असे एकदोन प्रयत्न झाले होते, पण ते चालले नाहीत. फेंडरनं डबल बेसच्या सपाट दांडीवर सतारीसारखे पडदे बसवले, त्यामुळे स्वर नेमका लागू लागला, आणि वाद्याचं नावच ‘प्रिसिजन बेस’ पडलं.

१९५७ साली त्यानं चुंबकाचं वेटोळं दोन तुकड्यांत मोडून उलटसुलट गुंडाळलं, त्यानं विजेची गुणगुण आपोआप कटली. १९६० साली दोन चुंबकांचा, बारीक दांडीचा ‘जॅझ बेस’ आला. पुढे कुणी नऊ व्होल्टची बॅटरी आत बसवली, कुणी पाचवी तार लावली. पण गाभा म्हणाल तर या दहा वर्षांतच संपला. आजच्या बहुतेक लिमिटेड एडिशनांचा कारभार या गाभ्याच्या वरच्या सालीवर चालतो: रंग, सोनं, शिंपला, रेषांचा मेपल. भाच्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं की तो निळा पापुद्रा काढून टाकला तरी आवाजात फरक पडलेला त्याला ओळखू येणार नाही. आणि आवाज ज्याच्यावर उभा आहे ते काहीच दिसत नाही. तांब्याचे वेढे झाकणाखाली. चार तारा मिळून दांडीला पाऊणशे किलोच्या आसपास ओढ देतात. ती सोसायला दांडीच्या पोटात एक पोलादी सळई घातलेली असते, तीही दिसत नाही. कंपनीच्या जाहिरातीत सळईचा फोटो नव्हता.

मग मी त्या काळसर पट्टीवर बोट ठेवलं. “आणि हे?”

“रोजवुड. इंडियन रोजवुड.”

म्हणजे शिसव. आमच्या जुन्या घरातला देव्हारा शिसवी होता, पलंग शिसवी होता. लग्नात आलेला आरसाही शिसवी चौकटीतला. हे झाड सह्याद्रीत होतं, सावकाश वाढतं, आणि त्याचं गाभ्याचं लाकूड इतकं कठीण की सुताराची पटाशी पुन्हापुन्हा धारेला लावावी लागते. गिटार बनवणारे मुळात ब्राझीलच्या रोजवुडचे भक्त. ते इतकं तोडलं गेलं की १९९२ साली आंतरराष्ट्रीय कराराखाली त्याचा व्यापारच जवळजवळ बंद झाला. मग भार आपल्या शिसवीवर आला. २०१७ साली शिसवीचं सगळंच कूळ त्या कराराच्या यादीत गेलं, चीनमधल्या महागड्या फर्निचरच्या मागणीमुळे मुख्यतः. पण भोगायला लागलं वाद्यवाल्यांना. वाद्य सीमेपार पाठवायचं तर परवाने, दाखले, फायली. काही कंपन्यांनी कंटाळून दुसऱ्याच लाकडाच्या पट्ट्या लावायला सुरुवात केली. दोन वर्षं ओरड झाली, तेव्हा २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून वगळलं. पुण्यातल्या मुलाला सह्याद्रीतलं लाकूड समुद्रापार जाऊन, पट्टी होऊन, आकडा लावून, आयात शुल्क भरून परत विकत मिळतं, हा प्रवास भाच्याच्या वडिलांना, म्हणजे दाजींना, फार पटला नाही. “त्यापरीस इथंच एक कापलं असतं तर,” ते म्हणाले आणि लगेच स्वतःच थांबले. या गावात असं वाक्य अर्ध्यावर राहतं.

त्या पट्टीवर आकडा घातला असता तर मी मुकाट्यानं मान्य केला असता. शिसव मोजकीच आहे, ती संपू शकते, तेव्हा वाद्यंही मोजकीच निघतील, यात फसवणूक नाही. निळ्या रंगाला मात्र शंभरावर थांबण्याचं काही कारण नव्हतं. डबा उघडा, एकशे एकावं रंगवा. कुऱ्हाडबंदी घातली तेव्हा गावातल्या बाभळीचा भाव वाढावा असा कुणाचा हिशेब नव्हता. हे मी भाच्याला बोललो नाही. त्याचे हप्ते अजून जायचे होते.

शिवाय त्याच्या निवडीत मला एक गोष्ट मनापासून आवडते. बँडमध्ये पुढे उभं राहून तोंडावर प्रकाश घेणारी वाद्यं सोडून त्यानं हे घेतलं. बेसवाला कोण, हे श्रोत्यांना सहसा सांगता येत नाही. राहुल देव बर्मन यांची गाणी आपण तोंडानं म्हणतो, त्यांतल्या गिटारच्या तुकड्यांवर डोलतोही. पण त्यांच्या वादकांच्या ताफ्यात बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव किती जणांना आठवतं? अलीकडे मुंबईच्या मोहिनी डे हिनं जगभर नाव काढलं, झाकीर हुसेन यांच्यापासून ए. आर. रहमान यांच्यापर्यंत सगळ्यांबरोबर वाजवलं, आणि बेसवालीला बघायला म्हणून लोक तिकीट काढू लागले. हा अपवाद.

खालचा स्वर न ऐकताही ऐकू येतो, ही त्याची आणखी एक गंमत. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनं सेकंदाला साधारण ४१. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९च्या आसपास असतो, म्हणजे ही तार त्याच्याही पाऊण सप्तक खाली. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला हा स्वर काढताच येत नाही. त्यातून बाहेर पडतात त्या स्वराचे वरचे भाऊबंद, त्याच्या पटीतली कंपनं. त्यांच्यातली अंतरं सारखी ४१ची असतात, तेवढ्यावरून मेंदू खालचा बाप ताडतो आणि तो वाजतोच आहे असं आपल्याला भासवतो. आमच्या भागात तरण्या पोरांना ‘बेस’ म्हणजे वरातीतली डीजेची भिंत माहीत आहे. पत्रे थरथरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं. त्या भिंतीला मी संगीतात धरत नाही.

बहिणीचे सासरे, आबा, एवढा वेळ बाजेवर बसून सगळं ऐकत होते. वारकरी माणूस, संत निळोबारायांचं पिंपळनेर शेजारीच, तिथल्या पालखीबरोबर त्यांनी पायी वाऱ्या केलेल्या. पंचक्रोशीतल्या सप्ताहांत वीणेचा पहारा करण्यात त्यांची उमर गेली. त्यांनी एकच विचारलं.

“तारा किती रं?”

“चार, आबा.”

“मंग आमच्या वीण्याला बी चारच हायेत की.”

वारकऱ्यांच्या वीणेवर कुणी गत वाजवत नाही. मोकळ्या तारा छेडत राहायचं, दांडीवर बोट फिरवायचं कामच नाही. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस ती वीणा जमिनीवर टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे येतो, वाकून नमस्कार करतो, गळ्यातला पट्टा काढून घेतो आणि स्वतःच्या गळ्यात घालतो. तेवढ्यातही बोट तारेवरून सुटू द्यायचं नाही. पहाटे तीनला मंडपात वीणेकरी आणि पेंगुळलेला एखादा टाळकरी, एवढेच असतात. ऐकायला कुणी नाही म्हणून वीणा थांबवायची हा विचार त्यात येत नाही. आबांची स्वतःची वीणा आत खुंटीला टांगलेली आहे. दांडीचा रंग हाताच्या घामानं एका ठिकाणी पार उडालाय, भोपळ्याला एकदा तडा गेला तो लाख भरून बुजवलेला.

भोपळ्यावरून मिरजेची गोष्ट निघाली. तिथे सतार-तानपुऱ्याचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झालं. ते सुरू करणारे फरीदसाहेब आणि त्यांचं घराणं मूळचं शिकलगार, हत्यारांना धार लावणारं. संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांचं काम आटलं, तसा त्यांचा हात वाद्यांकडे वळला. भोपळे येतात मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूनं. कडू जात, खायला निरुपयोगी, सालीनं जाड. दांडीला तुणीचं लाकूड. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, उशिरा का होईना. कारागीर आधी भोपळा निवडतो आणि त्याच्या घेरावर बाकीचं वाद्य बेततो. एका वेलावरचे दोन भोपळे सारखे नसतात, त्यामुळे दोन तानपुरे सारखे होत नाहीत. पाठीमागे आकडा कोरायची गरज कुणाला वाटलेली नाही.

भाच्यानं एव्हाना छोटा ॲम्प्लिफायर जोडला होता. पडवीत पहिला स्वर काढला आणि त्याचा चेहरा पडला. जाड तार खालच्या पडद्यांवर घासून झर्रर्र करत होती. पुण्याहून निघताना असं नव्हतं. पुन्हा छेडली, पुन्हा झर्रर्र. इकडे आबा बाजेवर सरसावून बसले.

“वा! जवारी चांगली लागलीय.”

भाच्याला कळेना, रडावं की हसावं. त्याच्या वाद्यशाळेत जो दोष, तो आबांच्या वाद्यात वर्षानुवर्षं राबून मिळवायचा गुण. तानपुऱ्याची घोडी मुद्दाम रुंद आणि जराशी उतरती घासतात. तार तिच्यावरून सुटताना पृष्ठभागाला चाटत जाते, खाली सुताचा एक दोरा सरकवून ते चाटणं नेमकं करतात, आणि त्यातून वरच्या स्वरांची ती झळाळी, म्हणजे जवारी, निघते. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो यामुळेच. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला. तारेला ज्या बिंदूवर छेडलं असता एखादा उपस्वर पाश्चात्त्य नियमानुसार मुका व्हायला हवा, तिथेही तानपुऱ्यात तो स्वच्छ वाजतो, हे त्यांनी दाखवलं. पडद्यांच्या वाद्यात मात्र ही घासणी नको असते. जेको पास्टोरियस नावाच्या अमेरिकन वादकानं तर आपल्या १९६२च्या जॅझ बेसचे पडदेच उपटून काढले आणि शिसवीच्या जातीच्या त्या पट्टीवर नावांना फासतात तो राळेचा लेप दिला. त्याचा बेस मिंडेवर गात असे. आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

भाच्याची अडचण त्यानं सुटणार नव्हती. मी म्हणालो, लाकूड आहे, हवेला लागलं असेल. तसंच निघालं. पारनेरचा उन्हाळा अंगातलं पाणी शोषतो, लाकूड सुकून आखडलं आणि दांडी मागे ताणली गेली. तारा पडद्यांना भिडल्या. उपाय त्या न दिसणाऱ्या सळईत होता. खुंट्यांजवळचं झाकण काढलं की तिचं टोक लागतं. ते पाव फेरा सैल केलं तर तारांची ओढ दांडीला पुन्हा पुढे आणते. किल्ली पेटीबरोबर आली होती, पण ती पुण्यात खोलीवर राहिली. दाजी उठले, मोटारीच्या पेटीतून ॲलन कीचा जुडगा घेऊन आले आणि एकेक लावून बघितली. पाच मिलिमीटरची बसली. भाच्यानं श्वास रोखून पाव फेरा दिला, थांबला, तारा सुरात आणल्या, मग आणखी थोडा. दुपारभर लाकडाला वेळ दिला. चहाच्या वेळेला वाजवून पाहिलं तर आवाज गोल, भरीव, निर्मळ.

“मेला की रं आवाज,” आबा म्हणाले आणि आपली वीणा काढायला आत गेले.

पुण्यात पाऊस लागला की हाच फेरा उलटा द्यावा लागेल, असं भाचा म्हणाला. दाजींनी जुडग्यातली पाचची किल्ली सोडवून त्याच्या हातावर ठेवली. मोटारीला तिचं काम पडत नाही म्हणाले.